नमुना क्रमांक सात

दोन वस्तू घेण्याऐवजी एकच घ्यावी, एवढंच मी ठरवलं होतं. त्यातून पुढे एका विभागप्रमुखांची खोटी सही केल्याचा आळ आमच्या घरावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी चार वस्तू घेतल्या असत्या.

त्याचं असं झालं. माझी बायको मृदुला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मराठीत एम.ए. करायला लागली. बी.ए. झाल्या झाल्या तिचं माझ्याशी लग्न झालं, मग सई झाली, मग माझ्या आईचं आजारपण निघालं, आणि असं करता करता एकवीस वर्षं गेली. चिंचवडच्या एका अभ्यासकेंद्रात तिनं नाव घातलं, सगळे पेपर दिले आणि शेवटचा एक लघुप्रबंध तेवढा राहिला. गेल्या वर्षी नेमकं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं आणि तो द्यायची तारीख हुकली. यंदाही हुकली तर नोंदणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मृदुला हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण कॅलेंडरवर त्या तारखेभोवती तिनं इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता.

"आई फोनवर पुस्तकं वाचून डोळे घालवणार आहे," एक दिवस सई म्हणाली. सई आमची मुलगी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "तिला वाचायला ई-रीडर घ्या, आणि लिहायला टॅब्लेट."

"दोन्ही एकात मिळत असेल तर?" मी विचारलं.

आणि मिळत होतं. बटण दाबलं की कागदासारखा काळापांढरा पडदा, पुन्हा दाबलं की रंगीत टॅब्लेट. सोबत एक पेन, त्यानं पडद्यावर हातानं लिहायचं. मी तीन आठवडे माहिती काढून ते मागवलं.

"दहा दिवसांत परत करता येतं," मी मृदुलाला समजावलं. "पसंत नाही पडलं तर एक प्रश्न विचारत नाहीत."

"बऱ्याच गोष्टींना ही सोय हवी होती," मृदुला म्हणाली.

मला वाटलं, ती मिक्सरबद्दल बोलते आहे.

इथे माझी ओळख करून द्यायला हवी. मी अनंत. चाकणच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं क्वालिटीत आहे. गाड्यांच्या ब्रेकचे पाइप तपासतो. पाइप नापास झाला की त्यावर लाल खडूनं इंग्रजीत 'एनजी' लिहायचं, त्याभोवती गोल करायचा आणि लाल डब्यात टाकायचा. एनजी म्हणजे 'नो गुड'. जपानी पाहुणे येत तेव्हापासून हा शब्द आमच्या पट्ट्यात आहे. दिवसाला दोन-तीनशे वेळा मी तो उच्चारतो. त्यामुळे कुठलीही वस्तू जशी आहे तशी मान्य करणं मला जमत नाही. (मी मृदुलाला बघायला गेलो तेव्हा मुलीच्या आधी कपाचा टवका पाहिला, असं ती अजून सगळ्यांना सांगते. टवका खरंच होता, हे ती सांगत नाही.)

तर खोकं आलं. मी व्हर्निअर काढून त्या उपकरणाची जाडी मोजली. खोक्यावर सहा मिलिमीटर लिहिलं होतं, भरली सहा पूर्णांक एक दशांश. मी परत पाठवायच्या विचारात होतो, तेवढ्यात सईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि व्हर्निअर कपाटात ठेवून दिला.

मृदुलाला मात्र ते फार आवडलं. कुकर लावला की ती त्यावर वाचत बसे, आणि मी घरी आलो की पेन घेऊन लिहायला लागे. लिहायची म्हणजे मी बोलत असताना लिहायची. मधूनच म्हणायची, "थांबा, काय म्हणालात? पुन्हा सांगा." चोवीस वर्षांत पहिल्यांदाच माझं बोलणं घरात कुणीतरी टिपून घेत होतं. मी खुलून बोलायला लागलो. रोजच्या चहाबद्दलही चार वाक्यं जास्त बोलायचो.

"विषय काय आहे गं तुझ्या प्रबंधाचा?" मी एकदा विचारलं होतं.

"भाषेवर आहे," ती म्हणाली. "पूर्ण झाल्याशिवाय कुणी वाचायचा नाही."

मी बरं म्हटलं. (दिवसभर पाइपाच्या आतलं बघणाऱ्या माणसानं इथे मात्र वरचं वेष्टण बघून माल आत घेतला.)

प्रबंध द्यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मृदुला भोसरीला गेली होती. आमच्या लाइनवरचा ऑपरेटर ज्योतीराम, त्याची बायको रूपाली तिथे राहते. प्रबंधासाठी काही शब्द तिच्याकडून तपासून घ्यायचे होते. सई मैत्रिणीकडे, आई झोपलेली, आणि ते उपकरण टेबलावर चार्जिंगला. मी पेपर वाचायला म्हणून ते उचललं. बोट कुठे लागलं देव जाणे, प्रबंधच उघडला.

'औद्योगिक पट्ट्यातील घरगुती बोलीत रुळलेले कारखानी शब्द.'

खरं सांगतो, मला भरून आलं. पहिली दोन प्रकरणं मी दोनदा वाचली. भोसरीतल्या बायका मुलांना 'सेकंड शिफ्टला झोप' म्हणतात, कुणाकडे पाहुण्यांचा 'लॉट' येतो, कुणी सुनेला 'ट्रेनी' म्हणतं, हे तिनं इतक्या मायेनं लिहिलं होतं की ही बाई माझ्या घरात राहते याचा मला अभिमान वाटला. मग तिसरं प्रकरण आलं.

'नमुना क्र. ७. पुरुष, वय ४९, रावेत. कारखानी शब्दांचे प्रमाण सर्व नमुन्यांत सर्वाधिक. गोल नसलेल्या पोळीस सदर व्यक्ती "टॉलरन्सच्या बाहेर" म्हणते.'

काय एकेक माणसं असतात, असं मनाशी म्हणत मी पुढे वाचलं.

'आईच्या गुडघेदुखीस "ब्रेकडाउन" व तेल चोळण्यास "प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स" म्हणते. दूध उतू गेल्यास गॅस बंद करण्याआधी "रूट कॉज काय?" असे विचारते.'

इथे मला जरा शंका आली, कारण आमच्याकडे गुरुवारीच दूध उतू गेलं होतं. पण गुरुवारी रावेतमध्ये आणखी कुणाकडेही जाऊ शकतं.

'पत्नीच्या वाढदिवशी रात्री जेवून आल्यावर "यंदाचं ऑडिट नीट पार पडलं" असे उद्गार काढले.'

मग शंका उरली नाही. सात पानं. सातही पानांवर मी. माझ्या तोंडातून निघालेलं एकेक वाक्य, तारीखवार. आणि मी समजत होतो, ही माझं ऐकते आहे.

मला राग आला. रागात माणूस सवयीचंच काम करतो. मी पेन उचललं, आणि जिथे जिथे माझी बदनामी दिसली तिथे तिथे समासात एनजी लिहून भोवती गोल केला. पोळीला एनजी. दुधाला एनजी. ऑडिटला तर दोन. एकूण अकरा झाल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर लगेच भीती वाटली. मी घाईघाईनं मोडचं बटण दाबलं. पडदा रंगीत झाला आणि सगळ्या खुणा गायब. वाचनाच्या मोडमध्ये लिहिलेलं टिकत नसणार, असा मी निष्कर्ष काढला. (आमच्या कंपनीत निष्कर्षाला तीन नमुने लागतात. मी एकावर काढला.)

सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत. मी हाफ डे टाकून घरी आलो होतो. साडेचारला मृदुलानं उपकरण माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच पाठवा. मला बटण दाबवत नाही."

मी 'पाठवा' दाबलं. पडद्यानं विचारलं, टिपांसह की टिपांविना?

"टिपांसह की टिपांविना विचारतंय गं."

"टिपांसह," ती म्हणाली. "बेचाळीस तळटिपा आहेत अहो, जीव काढलाय मी त्यात."

मी टिपांसह पाठवून दिलं. पोहोचल्याची पावती आली. मृदुलानं माझ्या हातावर साखर ठेवली, आईलाही दिली, आणि कॅलेंडरवरच्या त्या तारखेवर काट मारली.

बुधवारी संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक प्राजक्ता मॅडमचा फोन आला. मृदुला कणीक मळत होती, म्हणून फोन स्पीकरवर.

"मृदुलाताई, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात," मॅडम म्हणाल्या. "एनजी सरांना प्रबंध आधीच दाखवलात आणि मला पत्ता नाही?"

"कुठले एनजी सर?"

"अहो, आपले विभागप्रमुख. नीळकंठ गवांदे. आम्ही सगळे एनजी सरच म्हणतो. अकरा ठिकाणी त्यांची छोटी सही आहे, गोलात. सर कागदावर सही करायला सहा-सहा महिने लावतात. माझ्या रजेच्या अर्जावर अजून केलेली नाही. आणि तुमच्या त्या नमुना क्रमांक सातवर अकरा? मी सरांना लगेच आभाराचा मेसेज टाकला."

"मग? सर काय म्हणाले?"

"'शनिवारी तोंडी परीक्षेला भेटू.' एवढंच."

फोन बंद झाला. मृदुलानं हात धुतले, उपकरण घेतलं, तिसरं प्रकरण उघडलं आणि वाचनाचं बटण दाबलं. अकराच्या अकरा खुणा जागच्या जागी होत्या. मी पंख्याकडे बघत होतो.

"एनजी," ती म्हणाली.

"हो."

"अकरा."

"बारावाही मारणार होतो. आवरलं."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "सरांची खोटी सही केली म्हणून प्रबंध रद्द करतील. मग संपलंच. मी काही आता पुन्हा पहिल्यापासून नाव घालणार नाही." उपकरण बाजूला ठेवून तिनं विचारलं, "एवढं सगळं वाचलंत, त्यात तुम्हाला एक ओळसुद्धा आवडली नाही?"

"आवडली. पहिली दोन प्रकरणं दोनदा वाचली."

"तिथे तर काहीच खूण नाही."

काय सांगणार? आमच्याकडे चांगल्या पाइपावर खूण करायची पद्धतच नाही. चांगला पाइप काही न बोलता पुढे जातो. मी हे तिला सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की घरातही मी चोवीस वर्षं हेच करत आलो आहे. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी ज्योतीरामला सगळं सांगितलं. तो नांदेडकडचा. कमी बोलतो, पण नियमाला पक्का.

"सर, एनजी मारल्यालं कुणी बी उठून ओके करीत न्हाई," तो म्हणाला. "ज्यानं मारलंय त्यानंच येऊन सही कराची, तवा माल लाल डब्याभायेर निगतो. तुमीच शिकिवलं की आमाला."

शनिवारी मी कंपनीच्या युनिफॉर्मवर, खिशात एनजी लिहिलेला एक पाइपाचा तुकडा घेऊन, थेट चिंचवडच्या अभ्यासकेंद्रात पोहोचलो. मृदुलाला काही सांगितलं नव्हतं. दार वाजवून आत गेलो. टेबलापलीकडे गवांदे सर, बाजूला प्राजक्ता मॅडम, आणि समोर मृदुला, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. मला बघून तिनं डोळे मिटले.

"आपण कोण?" सरांनी विचारलं.

"मी नमुना क्रमांक सात," मी म्हणालो.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, नमुन्याला खुर्ची द्या."

मी बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रविवार, पेपर, राग, बटण, टिपांसह. सर शांतपणे ऐकत होते.

"ही सही माझी नाही, हे मला पहिल्याच खुणेला कळलं," ते म्हणाले. "माझ्या सहीतल्या 'जी'ला शेपूट असतं. बाईंनी स्वतः हे केलं नाही, एवढंच मला खात्रीनं ऐकायचं होतं. पण सही नाही तर मग हे आहे काय?"

मी पाइप टेबलावर ठेवला. "सर, एनजी म्हणजे... नो गुड. चाकणला टाकाऊ मालावर लिहितात."

प्राजक्ता मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"सव्वीस वर्षं इथे सगळे मला एनजी सर म्हणतात," गवांदे सर सावकाश म्हणाले. "शिपाईसुद्धा."

"त्यांना चाकणचं माहीत नसेल सर," मी धीर दिला.

"निम्मे भोसरीचे आहेत."

सरांनी पाइप उचलला, वळवून वळवून पाहिला आणि एकदम मृदुलाकडे वळले.

"बाई, तुमच्या यादीत दोनशे अकरा शब्द आहेत. हा का नाही?"

मृदुला गोंधळली. मग विचार करत म्हणाली, "माझ्या लक्षातच आला नाही सर. आमच्याकडे हा रोजचा आहे. सई दीड वर्षाची असताना कारल्याची भाजी थुंकून 'एनजी' म्हणाली होती. माझ्या सासूबाई देवळातल्या प्रसादालाही म्हणतात. मला तो कारखान्यातला वाटलाच नाही. घरचाच वाटला."

सरांनी चष्मा काढला. "मग बाई, तुमचा खरा निष्कर्ष हा आहे. शब्द पुरता रुळला की तो ऐकू येईनासा होतो. हे एवढं सोडून तुम्ही सगळं लिहिलंत. आठ दिवस देतो, शेवटच्या प्रकरणात घाला. आणि ही समासात खुणा असलेली पानं काढू नका, परिशिष्टात जोडा. इतका अस्सल पुरावा मी सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही."

मृदुला हसली. तिसऱ्या प्रकरणापासून पहिल्यांदाच हसली. मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो.

"सर, एक विनंती आहे. माझ्या खुणा मलाच रद्द करायला हव्यात. तसा नियम आहे."

सरांनी टेबलावरचं ते उपकरण माझ्यापुढे सरकवलं. मी अकरा ठिकाणी एनजीशेजारी ओके लिहून सही केली. मग पान उलटत उलटत मागे गेलो, आणि पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर, जिथे काहीच चूक नव्हती, तिथेही मोठा ओके लिहिला. चांगल्या मालावरचा आयुष्यातला पहिलाच.

"तारीख घाला," मृदुला हळूच म्हणाली. मी घातली.

दीड महिन्यानं निकाल लागला. मृदुला पहिल्या वर्गात पास झाली आणि पुढे पीएच.डी.साठी नाव घालायचं म्हणते आहे. प्राजक्ता मॅडम तिला मार्गदर्शन करायला तयार आहेत. गवांदे सर हल्ली सगळीकडे पूर्ण नाव लिहून सही करतात. मॅडमच्या रजेचा अर्जही त्यांनी तसाच मंजूर केला, पण तोवर रजेची तारीख उलटून गेली होती.

परवा प्रबंधाची बांधीव प्रत घरी आली. निळं कापडी वेष्टण, सोनेरी अक्षरं. मी हात पुसून ती घेतली आणि आधी ऋणनिर्देश उघडला. रूपालीचे आभार होते. ज्योतीरामचे होते. आईचे, सईचे, एवढंच काय, त्या वाचायच्या-लिहायच्या उपकरणाचेही होते. माझे नव्हते.

"तुम्ही मागे आहात," मृदुला पोळी लाटता लाटता म्हणाली. "परिशिष्टात. त्रेचाळिसावी तळटीप."

पान एकशे अठरावर माझ्या हस्ताक्षरातल्या अकरा एनजींचा फोटो होता. त्याखाली अगदी बारीक अक्षरात छापलं होतं:

'४३. सदर नमुना संशोधिकेस चोवीस वर्षांपूर्वी प्राप्त झाला. किरकोळ दोष असूनही वापरात आहे. परत करण्याची मुदत उलटून गेली आहे.'